न बघितलेल्या ढिगावर बोली

पत्र तासगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं आहे. वय 27, बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघतो. पत्र लांबलचक, सोबत तक्तेही जोडलेत. कामापुरतं देतो.

"दिवाणजी काका, नमस्कार. जानेवारीपासून मी अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगच्या सामन्यांवर एका परदेशी प्रेडिक्शन मार्केटमध्ये ट्रेडिंग करतोय. कोण जिंकणार यावर नाही, दोन्ही संघांचे मिळून गोल किती होणार एवढ्यावरच. दोन्ही संघांच्या शेवटच्या 10-10 सामन्यांची सरासरी काढून एक्सेलमध्ये तक्ता केलाय. 14 सामन्यांत 10 वेळा बरोबर आलो. 38,000 टाकले होते, त्याचे 51,000 झालेत. सामने आपल्याकडे पहाटे असतात, आईला सांगतो की डेअरीला दूध घालायला लवकर उठतो. मित्र म्हणतो, टेलिग्रामवर ग्रुप काढ, महिना 499 घेऊन टिप्स दे. घरच्या बेदाण्याची पट्टी आलीये. खरड छाटणीचा खर्च भागून 3 लाख माझ्या खात्यावर आहेत, ते औषध दुकानाच्या उधारीचे. दुकानदार जूनपर्यंत थांबतो म्हणालाय. तोवर ते फिरवावेत असं मनात आहे. वडिलांच्या कानावर थोडं घातलं तर म्हणाले, हा मटकाच. मी म्हणतो ही अभ्यासाची गोष्ट आहे, वायद्यासारखी. तुम्ही वायदा बघितलाय. खरं कोण?"

चिरंजीवास आशीर्वाद. तू माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, म्हणून अरे-तुरे करतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना धाकधूक नको. ते 3 लाख औषध दुकानाला दे. याच आठवड्यात. आता बाकीचं निवांत बोलू, कारण तुझा तक्ता मी खरंच बघितला आणि मला तो आवडला.

वडिलांचं 'मटका' तुला लागलेलं दिसतं. गंमत अशी, की मटक्याचा जन्मही अमेरिकेहून येणाऱ्या आकड्यांवरच झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला ते तारेनं मुंबईला यायचं, आणि त्यावर लोक पैसे लावायचे. ते भाव यायचे थांबले तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढणं सुरू झालं आणि धंद्याला मडक्याचं नाव पडलं. म्हणजे चिठ्ठ्या नंतरच्या. मुळात होता तो खऱ्या बाजाराचा खरा आकडा, आणि कापसाचा अभ्यास आहे म्हणून पैसे लावतो असं म्हणणारी माणसं तेव्हाही असणारच. वडिलांचं एवढंच चुकतं, की चिठ्ठीत अभ्यासाला जागाच नसते आणि तुझ्या धंद्यात थोडी आहे. ती किती, हे बघायचंय.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. हॉकी म्हटलं की आपल्याला मैदान दिसतं. ही बर्फावरची, रबराच्या चकतीची. 20-20 मिनिटांचे तीन भाग. 32 संघ, 2025-26 पर्यंत प्रत्येकाचे साखळीत 82 सामने, म्हणजे हंगामाला 1312. अलीकडच्या हंगामांत सामन्याला सरासरी सहाच्या आसपास गोल होतात. बाजारातला करार असा असतो: 'एकूण गोल 6.5 पेक्षा जास्त'. झाले तर 1 डॉलर मिळतो, नाही तर शून्य. करार 45 सेंटला चालला असेल तर बाजार म्हणतोय की शक्यता 45 टक्के. सांगलीकराला यात नवीन काही नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला लागलं की चहाच्या गाड्यावर एकच विषय: 45 ची धोका पातळी गाठतंय का? त्या चर्चेला भाव लावला की झालं प्रेडिक्शन मार्केट. फक्त पुलावरचा आकडा सगळ्यांनाच दिसतो. कोयनेतून किती सोडलंय ते ज्याला आधी कळतं, त्याचा अंदाज गाड्यावरच्या माणसांपेक्षा बरा निघतो.

अमेरिकेत असं मार्केट चालवणारी कल्शीसारखी कंपनी तिथल्या वायदे बाजाराच्या केंद्रीय नियामकाच्या देखरेखीखाली चालते. काही राज्यांशी तिचे कोर्टकज्जे चालू आहेत, तरी ऑक्टोबर 2025 मध्ये खुद्द एनएचएलनं कल्शी आणि पॉलीमार्केट या दोघांशीही करार केले. त्यामुळे 'वायद्यासारखी' हे तुझं म्हणणं तिथं बसून केलं असतंस तर अगदीच खोटं नव्हतं. पण तू बसलायस तासगावात.

आता तुझे 14 पैकी 10. तुझ्या यादीत बहुतेक करार 55 ते 60 सेंटला घेतलेले दिसतात. सरासरी 57 धरू. याचा अर्थ, तू 14 पैकी 8 जिंकणार हे बाजारानं भावातच सांगितलं होतं. तू 10 जिंकलास. तुझी जी काय कमाई आहे ती वरच्या दोन सामन्यांची. ते दोन उलटे पडले असते तर 57 च्या भावानं तुझा नफा जवळजवळ शून्यावर येतो, करून बघ. आणि तक्ताबिक्ता न करता, डोळे मिटून 57 सेंटचे 14 करार घेणाऱ्या पोरांतही दर पाचांत एकाचे 10 किंवा त्याहून जास्त लागतात. त्या पाचव्या पोरालाही वाटतंच की आपल्याला जमतंय.

शेवटच्या क्षणी फिरलेले दोन सामने तूच मोठ्या उत्साहानं लिहिलेत. एकात मागे पडलेल्या संघानं शेवटच्या मिनिटांत गोलकीपर बाहेर काढून जादा खेळाडू उतरवला, आणि समोरच्यांनी रिकाम्या जाळीत चकती ढकलली. दुसरा शूटआउटला, म्हणजे एकेका खेळाडूनं एकट्या गोलकीपरसमोर चकती मारून निकाल लावायच्या टप्प्याला गेला. दोन्ही तू तक्त्याच्या खात्यावर जमा केलेस. कोल्ड स्टोरेजच्या खतावणीत अशी नोंद टाकली असतीस तर मालक काय म्हणाले असते?

शूटआउटवरून तक्त्यातली एक खरी चूक दाखवतो. मला ही गोष्ट सापडली तेव्हा मीही खूश झालो होतो, म्हणून जरा सविस्तर. साठ मिनिटांत बरोबरी झाली तर पुढे जादा वेळ, त्यात नाही सुटलं तर शूटआउट. आणि शूटआउटमध्ये कितीही चकत्या आत गेल्या तरी जिंकणाऱ्याच्या अंतिम धावफलकावर, म्हणजे गोलफलकावर म्हण, एकच गोल वाढतो. आता बघ. बरोबरी म्हणजे 2-2, 3-3, 4-4. बेरीज कायम सम. त्यात एक मिळवला की कायम विषम. साधारण चार-पाच सामन्यांतला एक बरोबरीत जातो, आणि त्या सगळ्यांची बेरीज 5, 7, 9 अशीच येते. बरोब्बर 6 गोल व्हायचे तर 4-2, 5-1 किंवा 6-0 च हवं. 3-3 तिथं थांबतच नाही, 7 वर जातं. तू एक्सेलमधलं पॉयसनचं सूत्र वापरलंस, म्हणजे सरासरीवरून प्रत्येक आकड्याची शक्यता काढणारं. सरासरी 6 धरली की ते बरोब्बर 6 गोलांना 16 टक्के देतं. त्यातले 3-3 चे सुमारे 5 टक्के उचलून 7 च्या रकान्यात टाकायला हवेत. 6.5 ची रेघ नेमकी या दोघांच्या मधून जाते! ही गोष्ट तुझ्या तक्त्यात नाही, पण भावात आहे. तुला करार स्वस्त वाटला तेव्हा किंवा महाग वाटला तेव्हा त्यातला किती भाग या एका चुकीचा होता, ते तूच काढ. शिवाय शूटआउटचा गोल धरायचा की नाही, हे प्रत्येक कराराच्या नियमांत लिहिलेलं असतं. तू ते वाचलेलं पत्रात कुठं दिसलं नाही.

दुसरी चूक जास्त महागातली आहे. दोन संघांचे शेवटचे 10-10, असे 20 सामने घेऊन तू सरासरी काढतोस. एका सामन्यातली बेरीज सरासरीपासून दोन-अडीच गोलांनी इकडंतिकडं होतच असते. असे 20 सामने घेतले तर सरासरीच अर्ध्या गोलानं हलते, निव्वळ योगायोगानं. आणि भाव कितीवर हलतो? सरासरी 6 असेल तर तुझ्याच सूत्रानं 5.5 च्या वर जाण्याची शक्यता 55 टक्के, 6.2 धरली तर 59. म्हणजे पाच सामन्यांत एक गोल इकडचा तिकडं झाला की तीन-चार सेंट गेले. तू मोजतोयस अर्ध्या गोलाच्या चुकीनं, आणि कमवायचे आहेत दोन-चार सेंट. वजनकाटा शंभर किलोला आठ किलो खोटा असेल तर त्यावर बेदाणा विकशील का?

त्या दोन-चार सेंटांतही वाटेकरी आहेत. कल्शीचं फीचं जाहीर सूत्र 0.07 गुणिले भाव गुणिले (1 वजा भाव) असं आहे. 50 सेंटच्या कराराला पावणेदोन सेंट. घ्यायचा भाव आणि द्यायचा भाव यांतला फरक वेगळा. तुझे पैसे क्रिप्टोतून जातात, म्हणून रुपयाचं क्रिप्टो आणि क्रिप्टोचा रुपया करताना आणखी कापलं जातं. अडतीत आम्ही हमाली, तोलाई, अडत धरूनच भाव बोलायचो. तुझ्या तक्त्यात खर्चाचा रकानाच नाही, आणि तू हिशेबनीस!

आता माझं ऐक, कारण तू वायद्याचं नाव काढलंस. मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होतो. हळदीच्या सौद्यात खरेदीदार काय करतो, तू बघितलं असशील. ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातलं हळकुंड काढतो, मोडतो, आतला रंग बघतो, मग तोंड उघडतो. मी हे वर्षानुवर्षं बघितलं. 2010 साली हळद चढली तेव्हा मला वाटलं, एवढी हळद हाताखालून जाते, वायदा आपल्याला नाही कळणार तर कुणाला? घेतला. पुढच्या दोन वर्षांत हळद कोसळली आणि बायकोच्या पाटल्या गेल्या. चूक कुठं झाली ते फार उशिरा कळलं. माझा हात ढिगात होता, पण तो ढीग एकट्या सांगलीचा. निजामाबादचा, इरोडचा ढीग मला दिसत नव्हता, आणि वायद्याच्या भावात तोही होता.

माझा निदान एका ढिगात तरी हात होता. तुझा? आज जाळीत पहिला गोलकीपर उभा राहणार की राखीव, यावर एकूण गोलांचा भाव हलतो. काल रात्री खेळून, विमानानं दुसऱ्या गावी जाऊन आज पुन्हा खेळणारा संघ बऱ्याचदा राखीव गोलकीपर उतरवतो. ते सरावाच्या वेळी तिथल्या वार्ताहरांना दिसतं, आणि तू अंथरुणातून उठेपर्यंत भाव हलून बसलेला असतो. गोलकीपर बाहेर काढल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत भाव भरभर पळतो, तेव्हा तू मोबाइलवर जे बघतोस ते आधीच घडून गेलेलं असतं. प्रक्षेपणाला उशीर असतो, तुझ्या रेंजला आणखी. त्या क्षणी तुला कुणी करार 'स्वस्तात' विकत असेल तर तो का विकतोय, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचार.

आणि वेळ बघ कुठली निवडलीस. एप्रिलच्या मध्यानंतर साखळी संपून बाद फेरी सुरू होते, ती जूनपर्यंत चालते. तुझा तक्ता साखळीवर बांधलाय. साखळीत जादा वेळ पाच मिनिटांचा, तीन-तीन खेळाडूंचा, मग शूटआउट. बाद फेरीत शूटआउट नाहीच. पाच-पाच खेळाडू, 20-20 मिनिटांचे भाग, गोल होईपर्यंत. राखीव गोलकीपर क्वचित दिसतो, एकाच संघाशी ओळीनं सात-सात सामने होऊ शकतात. म्हणजे छोट्या रकमेवर एक खेळ शिकलास आणि मोठी रक्कम दुसऱ्याच खेळावर लावायला निघालास.

इथपर्यंत झालं ते नफ्यातोट्याचं. मला जास्त काळजी पैसा तिथवर जातो कसा याची आहे. पत्रात तू ते एका वाक्यात उरकलंस: 'टेलिग्रामवरच्या एकाकडून यूएसडीटी घेतो, यूपीआयनं पैसे देतो, काढताना तोच परत घेतो.' (यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो.) हा टेलिग्रामवाला कोण आहे? काढताना तुझ्या खात्यावर जे पैसे येतात ते कुणाचे आहेत? यार्डातल्याच एका पोराला असेच 18,000 आले. ते दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीतले निघाले. त्या माणसानं सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार केली, पैशाचा माग लागत लागत याच्या बँकेपर्यंत आला, खातं गोठलं. 18,000 नाही, अख्खं खातं. पगार त्यातच, आईचं औषधपाणी त्यातच. चार महिने वकिलाच्या दारात आणि त्या राज्याच्या पोलिसांना फोन करण्यात गेले. तुझ्या त्या खात्यावर बेदाण्याची पट्टी येते, दुधाचं बिल येतं, पीककर्जही तिथंच असेल. हॉकीत फार तर टाकलेले जातील. इथं न टाकलेलेही अडकतील.

कायद्याचं थोडक्यात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यानं निकालात काढला: दोन्हींना मनाई. त्यानंतर अशाच अंदाजांवर पैसे लावू देणाऱ्या आपल्याकडच्या प्रोबोसारख्या ॲपनी पैशाचे व्यवहार बंद केले. सेबीनं तर त्याच वर्षी एप्रिलमध्ये सांगितलं होतं की हे 'ओपिनियन ट्रेडिंग' आपल्या कक्षेत येत नाही आणि तिथं गुंतवणूकदाराला संरक्षण नाही. बाहेर पैसे पाठवायचं म्हणशील तर परकीय चलनाच्या 2000 सालच्या नियमांत लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांसाठी रक्कम पाठवायला मनाई आहे. क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. नव्या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पण जाहिरात करून दुसऱ्याला खेळायला लावणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुझ्या मित्राचा 499 चा ग्रुप यातच येतो. त्याला म्हणावं, एवढा विश्वास आहे तर ग्रुप तुझ्या नावानं काढ.

आता करायचं काय? 51,000 तिथून काढ. त्या टेलिग्रामवाल्याला विकू नको. सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंद असलेलं एक्स्चेंज, तुझ्याच नावाचं खातं, आणि पैसे उतरवायला पट्टीच्या खात्याहून वेगळं बचत खातं. आधी सीएला सगळं खरं सांग, विवरणपत्रात दाखव. कर आणि खर्च जाऊन जे उरेल त्याकडे बघून मला एक आकडा कळव, उत्सुकता आहे.

तक्ता मात्र टाकू नको. ही तुझी चीज आहे आणि तुला ती आवडते हे पत्रातून कळतं. नवा हंगाम सुरू होईल, तेव्हा वहीत लिही: सामना, सुरू व्हायच्या आधीचा भाव, तुझा अंदाज, तुझ्या अंदाजानं किती सेंटचा फायदा, निकाल, आणि खर्चाचा रकाना. एक पैसा न लावता. दीडशे-दोनशे सामन्यांनी काही ठरत नाही. खरोखर तीन टक्क्यांची हुशारी आहे की योगायोग, हे कळायला हजार-अकराशे नोंदी लागतात, म्हणजे जवळपास अख्खा हंगाम. तेवढं लिहून झालं की वही घेऊन ये. हेच काम बेदाण्याच्या भावांवर कर म्हणून सांगणार होतो. तासगावचे सौदे, आवक, प्रतवारी, कोल्ड स्टोरेजमधला शिल्लक माल, यातलं बरंचसं तुझ्या टेबलावरून जातं, आणि तो ढीग तुझ्या हाताखालचा आहे. पण म्हातारा आपलाच धंदा पोरांच्या गळ्यात मारतो असं म्हणशील, म्हणून जोर करत नाही.

वडिलांना पूर्ण आकडे सांग, 'थोडं कानावर' नको. आईला वेगळं सांगायची गरज नाही. पहाटे साडेचारला डेअरी उघडत नाही, हे तिला तुझ्याआधीपासून माहीत आहे.